तुटणारा बोल्ट

गोष्ट आहे गेल्या एप्रिलमधली. परीक्षा संपत आली होती. चौथीच्या वर्गात एक पोरगा सारखा चड्डीच्या खिशात हात घालून काहीतरी वाजवत होता. मी म्हटलं, "काय रे ते? आण इकडे." त्यानं गुपचूप येऊन माझ्या टेबलावर लोखंडाचे दोन तुकडे ठेवले. बोटाएवढा जाड बोल्ट, पण मुळा कापावा तसा मधोमध सरळ तुटलेला.

"बाई, काल आमच्या रानात नांगरट होती. फाळ धोंड्याला लागला आन् खाडकन् हा तुटला. मी म्हटलं, अरारा! तर दादा म्हणतो, बरं झालं तुटला. बाई, तुटला ते बरं कसं?"

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण प्रश्न फार चांगला होता. एवढा मोठा ट्रॅक्टर, एवढा वजनदार नांगर, आणि त्यात बोल्ट असा कच्चा? बरं, कारखान्यात काय पक्के बोल्ट मिळत नाहीत? त्या दिवशी घंटा होईपर्यंत आमचं गणित राहिलंच. तुम्हालाही तेच सगळं सांगते. अंमळ जास्तच सांगते, कारण इथं घंटा होणार नाही!

आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा जिल्ह्याचा हा दुष्काळी भाग. माळरान, मुरूम आणि धोंडे. आपल्या दख्खनच्या पठारावर कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांचा काळा पाषाण झाला. तो पाषाण ऊनपावसानं कांद्यासारखा पदरापदरानं सुटत जातो. बाहेरचे पदर माती होतात आणि आतला गाभा गोल धोंडा होऊन मातीतच बसून राहतो. वरून पाहाल तर रान सपाट, आणि खाली वीतभर खोलीवर हा बसलेला! आमचे आबा म्हणायचे, "दरसाल दगडं येचतो, दरसाल नवी उगवत्यात." ती उगवत नाहीत. पाऊस वरची माती वाहून नेतो आणि खालचे दगड उघडे पडतात.

आता हा धोंडा नांगराला दिसायचा कसा?

आबांकडे त्यासाठी एक फार नाजूक यंत्र होतं, त्यांचा हात. लाकडी नांगराच्या रुमण्यावर हात ठेवून ते चालायचे. फाळ नुसता दगडाला घासला तरी रुमणं थरथरायचं. ती थरथर तळहातातून खांद्यापर्यंत जायची आणि आबा पटकन् रुमणं उचलून धरायचे. फाळ धोंड्यावरून घसरून पलीकडे. बैलही शहाणे. मानेवर ओझं एकदम वाढलं की "हो" म्हणायच्या आधीच ते थबकायचे. आबा, नांगर आणि बैल मिळून जणू एकच प्राणी होता बघा. जमिनीच्या पोटातली बातमी त्याला क्षणात कळायची.

ट्रॅक्टरचं तसं नाही. एका बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. आपल्याकडे नांगरटीला येणारा ट्रॅक्टर असतो चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा. म्हणजे चाळीस-पन्नास बैलजोड्या एकाच नांगराला जुंपल्या म्हणा ना! त्यातली एकही जोडी दगड लागला म्हणून थबकत नाही. चालक बसतो पुढे तोंड करून, नांगर त्याच्या पाठीमागे. इंजिनाचा आवाज इतका की शेजारी ओरडलेलंही ऐकू येऊ नये. शिवाय गाण्यांचा कर्णा लावलेला असतो तो वेगळाच. फाळ धोंड्यात अडकला तरी ट्रॅक्टर ओढतच राहतो. मग काहीतरी मोडणार हे नक्की. काय मोडणार, एवढाच प्रश्न उरतो.

तेव्हा काय मोडायचं ते नांगर बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलं. फाळ ज्या पायाला बसवलेला असतो, तो पाय चौकटीला दोन ठिकाणी जोडतात. एका ठिकाणी जाड खिळ, दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम बारीक बोल्ट. धोंड्याचा दणका बसला की बारीक बोल्ट कापला जातो आणि पाय जाड खिळीभोवती मागे झुलतो. फाळ दगडाच्या तावडीतून सुटतो. नांगराची चौकट वाचते, ट्रॅक्टरची लिफ्ट वाचते. याला म्हणतात शिअर बोल्ट, म्हणजे कापला जाण्यासाठीच बसवलेला बोल्ट. आणि तुटताना तो 'खाडकन्' असा आवाज करतो ना, तीच चालकाला बातमी : थांब बाबा, खाली काहीतरी आहे.

घरातल्या विजेचा फ्यूज आठवा. जास्त वीज आली की आतली बारीक तार वितळते, दिवे जातात, पण घर पेटत नाही. हा बोल्ट म्हणजे नांगराचा फ्यूज.

आणि फ्यूजमध्ये जाड तार घालणारे जसे महाभाग असतात, तसे इथेही आहेत. आमच्या काकांचंच सांगते. एका उन्हाळ्यात त्यांचे दोन दिवसांत तीन बोल्ट तुटले. तालुक्याला जायचा कंटाळा. त्यांनी घरात पडलेला पोलादाचा जाडजूड बोल्ट ठोकून बसवला आणि म्हणाले, "आता तुटतोय का बघू!" नाही तुटला. पुढच्या धोंड्याला नांगराचा पायच वाकला आणि चौकटीचं वेल्डिंग उकललं. चार रुपयांच्या बोल्टाऐवजी नांगर चार दिवस वेल्डिंगच्या दुकानात जाऊन पडला. तेवढ्यात वळवाचा पाऊस झाला आणि अर्धं रान नांगरायचं तसंच राहिलं. त्या वर्षी काकू काकांशी किती दिवस बोलल्या नाहीत, ते मी इथं लिहीत नाही.

दर वेळी बोल्ट बदलण्यापेक्षा दुसरा उपाय नाही का? आहे. नऊ फणी तुम्ही पाहिली असेल, तिच्या प्रत्येक फणीच्या डोक्यावर जाडजूड स्प्रिंगा असतात. फण दगडावर आदळला की स्प्रिंग ताणून तो मागे उचलला जातो. दगड ओलांडला की स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर आणते. तुटणं नाही, थांबणं नाही. ही युक्ती तुम्हाला साधी वाटेल, पण तिच्यामागे एक मोठी गंमतशीर गोष्ट आहे. त्यासाठी आपल्याला जायला हवं ऑस्ट्रेलियात, दीडशे वर्षं मागे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात यॉर्क नावाचा द्वीपकल्प आहे. तिथे गव्हासाठी नवी जमीन काढायचं काम चाललं होतं. पण जमिनीवर सगळीकडे मॅली. मॅली ही निलगिरीच्या जातीतली बुटकी झाडं. यांचं खोड वरून तोडा, नाहीतर जाळून टाका, ती मरत नाहीत. कारण खरं झाड असतं जमिनीखाली! तिथे लाकडाचा मोठा गड्डा असतो आणि त्यातून पुन्हा धुमारे फुटतात. शेतकरी झाडं तोडायचे, जाळायचे, नांगर घालायचे आणि नांगर मोडून घ्यायचे. एकेक बुंधा खणून काढायचा तर जन्म जायचा. शेवटी तिथल्या सरकारनं १८७८ साली जाहीर केलं, बुंधे उपटण्याचं चांगलं यंत्र जो करील त्याला दोनशे पौंडांचं बक्षीस.

पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १८७६ साली, रिचर्ड बॉयर स्मिथ नावाच्या माणसाला वेगळंच काही सुचलं होतं. असं सांगतात की नांगरत असताना त्याच्या नांगराचा एक बोल्ट तुटला. (बघा, पुन्हा तोच बोल्ट!) सैल झालेला फाळ बुंध्याला लागला की आपोआप वर उचलला जायचा आणि बुंध्यापलीकडे पुन्हा मातीत उतरायचा. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून लोहाराकडे गेला असता. स्मिथ मात्र बघत उभा राहिला. बुंधा उपटायचाच कशाला? त्याच्यावरून उडी मारता येते की!

मग त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ क्लॅरेन्स यांनी मुद्दामच सैल फाळांचा नांगर बनवला. त्यात प्रत्येक फाळ स्वतंत्र बिजागरीवर होता, आणि वर उचलला गेला की वजनाच्या जोरावर परत खाली यायचा. तीन फाळांचा हा नांगर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूंटा गावच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिला. त्याचं नाव 'व्हिक्सन', म्हणजे कोल्हीण. पुढे क्लॅरेन्सने आर्ड्रोसन या गावी असे नांगर बनवण्याचा कारखाना काढला. हा नांगर 'स्टंप जंप' म्हणजे 'बुंधा-उडी' नांगर म्हणून ओळखला जातो. १८८२ साली सरकारनं रिचर्डला पाचशे पौंड दिले. म्हणजे बुंधे उपटणाऱ्याला दोनशे आणि न उपटणाऱ्याला पाचशे!

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, मग बुंधे तसेच राहिले?" राहिले की. त्यांच्याभोवती, त्यांच्यावरून गहू पिकत राहिला. बुंधे पुढे हळूहळू काढले आणि लोकांनी ते चुलीत घातले. मॅलीचं लाकूड झकास जळतं.

यानंतर घोडे गेले आणि ट्रॅक्टर आले, तेव्हा धोंड्याचं संकट जिवावरच बेतू लागलं. १९१७ साली अमेरिकेत फोर्डसन नावाचा हलका, स्वस्त ट्रॅक्टर निघाला. त्याच्यामागे नांगर साखळीसारखा नुसता अडकवलेला असायचा. नांगर अडकला की मागची चाकं थांबायची, पण इंजिन फिरवतच राहायचं. मग ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं जायचं, घोडा दोन पायांवर उभा राहतो तसं, आणि तो चालकासकट मागे उलटायचा. अशात कितीतरी माणसं गेली.

यावर विचार करत होता उत्तर आयर्लंडमधला हॅरी फर्ग्युसन. हा शेतकऱ्याचा मुलगा, बेलफास्टमध्ये मोटारदुरुस्ती करायचा. त्याने नांगर ट्रॅक्टरला मागून अडकवण्याऐवजी तीन दांड्यांनी जोडून टाकला, दोन खाली आणि एक वर. नांगर ओढताना वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड खालीच दबून राहतं. आणखी गंमत म्हणजे या वरच्या दांड्याला त्याने तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टची किल्ली जोडली. माती जड लागली की दांड्यावरचा दाब वाढतो, आणि लिफ्ट नांगर किंचित वर घेते. थेट धोंडाच लागला, तर नांगराचं ओझं मागच्या चाकांवरून निघून जातं आणि चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. उलटणं टळलं! रुमण्यावरचा आबांचा हात जे काम करायचा, तेच इथे एक लोखंडी दांडा करू लागला. १९३९ साली फोर्डच्या कारखान्यातून या पद्धतीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. आज आपल्या गावच्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहा, तीन दांडे दिसतीलच. आणि लाल रंगाच्या मॅसी ट्रॅक्टरचं पूर्ण नाव मॅसी फर्ग्युसन. त्यातला फर्ग्युसन तो हाच.

ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहा म्हटलं, पण तो बंद असताना हं! याला कारण आहे. सांगू का नको असं करत होते, पण सांगतेच.

मी सातवीत होते, माझा भाऊ चौथीत. आमच्या रानात भाड्याचा ट्रॅक्टर आला होता. भाऊ हट्ट करून मडगार्डवर बसला. तेव्हा सगळीच पोरं बसायची, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. तिसऱ्याच तासाला फणी धोंड्याला लागली. ट्रॅक्टरला हिसका बसला आणि भाऊ बाजूला पडला. शेवटच्या फणाने त्याची पोटरी फाडली. चालकाला काही कळलंच नाही! त्याला वाटलं, लागला असेल दगड. तो पुढे चाललाच. मी बांधावर भाकरीचं फडकं घेऊन बसले होते. तेच फडकं हलवत, ओरडत मी ट्रॅक्टरच्या समोर पळत गेले तेव्हा तो थांबला. भावाला अकरा टाके पडले. त्या दिवशी त्या ट्रॅक्टरला धोक्याची सूचना देणारं एकच यंत्र होतं आणि ते म्हणजे मी. म्हणून आमच्या वर्गातल्या कुणी "बाई, आम्ही ट्रॅक्टरवर बसून आलो" म्हटलं की मी रागावते. पोरांना वाटतं, बाई उगाच चिडतात. ट्रॅक्टरवर जागा एकच असते, चालकाची.

आता तुम्ही विचाराल, धडकल्यावर कळण्यापेक्षा धडकण्याआधीच कळलं तर? लोखंडापुरती ही युक्ती जुनी आहे. परदेशात शेतातला चारा कापून त्याची कुट्टी करणारी मोठी यंत्रं असतात. चाऱ्यात तारेचा तुकडा गेला तर यंत्राची पाती मोडतातच, शिवाय तो तुकडा गाईच्या पोटात जातो. गाय चारा न चावताच गिळते ना! तार तिच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते. हा कप्पा हृदयाच्या अगदी जवळ, आणि तार टोचत टोचत तिथपर्यंत पोहोचली तर गाय दगावते. काही ठिकाणी गाईला बोटाएवढं लोहचुंबक गिळायला देतात. ते जन्मभर तिच्या पोटात राहून तारा-खिळे धरून ठेवतं! तर त्या कुट्टीयंत्राच्या रुळातही चुंबक असतं. लोखंडाचा तुकडा जवळून सरकला की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात बारीकशी वीज निर्माण होते. ती कळताच रूळ क्षणात थांबतात.

पण अडथळा जिवंत असेल तर? चुंबकाला तो कसा कळणार?

जर्मनीत मे-जून महिन्यांत गवताची पहिली कापणी होते. नेमकं तेव्हाच तिथल्या रो जातीच्या हरणांना पाडसं होतात. आई पाडसाला उंच गवतात ठेवून चरायला जाते. पाडसाच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच, म्हणून कोल्ह्याला ते सापडत नाही. आणि धोका आला की ते पळत नाही, जमिनीला घट्ट चिकटून बसतं. हजारो वर्षं या युक्तीने पाडसं वाचली. पण गवत कापणाऱ्या यंत्रापुढे हीच युक्ती जिवावर उठते. यंत्र जवळ येतं, पाडसू आणखी घट्ट बसतं. चालकाला उंच गवतात ते दिसतच नाही.

म्हणून आता तिथे कापणीच्या दिवशी भल्या पहाटे शेतावरून ड्रोन उडवतात. ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. पहाटे जमीन थंड असते, त्यामुळे पाडसाचं ऊबदार अंग पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं. सूर्य वर आला की दगड आणि मातीही तापतात, मग ठिपका ओळखू येत नाही. ठिपका दिसला की माणसं जाऊन पाडसाला हळूच उचलतात, तेही हातमोजे घालून आणि वर गवताच्या पेंढ्या धरून. माणसाचा वास त्याला लागू नये म्हणून. कापणी होईपर्यंत त्याला कडेला पेटीत ठेवतात, नंतर सोडतात. आई शोधत येतेच. काही यंत्रांच्या पुढे तर आता प्रकाशाने गवतात शोध घेणाऱ्या संवेदकांचा आडवा दांडाच असतो. गवतात प्राणी आढळला की कापणारी पाती आपोआप वर उचलली जातात.

हे ऐकून वर्ग अगदी चिडीचूप झाला. मग बोल्टवाला पोरगाच म्हणाला, "बाई, आपल्याकडं ड्रोन नाही. पण आमच्या आजोबांना सगळे धोंडे पाठ हाईत."

आणि मला लाज वाटली, की हे मला सुचलं नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ऊन उतरल्यावर आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्या राहिलेल्या रानात गेलो. आजोबा काठी टेकत पुढे चालले. "हितं एक हाय. म्हैस बसल्यागत हाय खाली." "हितं दोन, माझ्या लग्नाच्या साली नांगर मोडला हुता." ते काठी टेकवतील तिथे पोरांनी तुऱ्हाटी रोवायची आणि वर जुन्या धोतराची चिंधी बांधायची. बघता बघता चोवीस निशाणं लागली.

पंचविसावं निशाण धोंड्याचं नव्हतं. रानाच्या मधोमध पोचलो तर डोक्यावर एकच गलका, टिटिव् टिटिव् टिट्! टिटवी अंगावर झेप घेऊन परत फिरत होती. आजोबांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. "पाय हलवू नका." पाहतो तर उघड्या मातीत चार अंडी, रंग ढेकळासारखा, वर काळे ठिपके. दोन हातांवर असूनही अर्ध्या पोरांना ती दिसेनात. टिटवी झाडावर घरटं करत नाही, अशीच उघड्या रानात अंडी घालते. पुढे तिचं ओरडणं हेच काय ते कुंपण. ट्रॅक्टरवरच्या माणसाला ते ऐकू येत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दादाने गाणी न लावता नांगरट केली. चिंधी आली की लिफ्ट वर, चिंधी गेली की खाली. एकही बोल्ट तुटला नाही असं मात्र नाही हं! एक तुटलाच. आजोबा एक धोंडा विसरले होते. मधल्या निशाणाभोवती नांगर वळसा घालून गेला आणि सगळ्या काळ्या रानात खाटेएवढा एक गोल तुकडा तसाच राहिला.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी पोरगा वर्गात येऊन थेट माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"बाई, चारातली तीन उबली. एक तसंच राहिलं. पिल्लं लई पळत्यात." मग खिशात हात घालून म्हणाला, "आणि ह्यो दुसरा बोल्ट. आता जोडी झाली."